४४३ क्रमांकाचे दार: जित्सी मीट आणि कोटर्न, सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचन मंडळात अकरा माणसे आहेत आणि त्यांपैकी साताऱ्यात आता चारच उरली आहेत. बाकीचे पुणे, नाशिक, बेळगाव असे पांगले आहेत; एक काका टोरांटोला मुलाकडे म्हणून गेले ते तिकडचेच झाले; आणि सर्वांत धाकटी सभासद म्हणजे माझी भाची, जी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहते. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही तासभर एकत्र वाचतो. बरीच वर्षे हे स्काइपवर चालत असे. ५ मे २०२५ रोजी स्काइप कायमचे बंद झाले आणि पुढे काय, हा प्रश्न मंडळापुढे आला. एका कंपनीच्या ओसरीवरून उठून दुसऱ्या कंपनीच्या ओसरीवर बिऱ्हाड मांडण्यापेक्षा आपलीच खोली बांधावी, असा आग्रह मी धरला. आणि ज्याने सुचवले त्यानेच करावे, या मंडळाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे काम माझ्याच गळ्यात पडले.

हे परीक्षण त्या खोलीचे आहे. तिचा दर्शनी भाग म्हणजे जित्सी मीट आणि मागचे दार म्हणजे कोटर्न नावाचा रिले सर्व्हर, म्हणजे इकडचे तिकडे पोहोचवणारा मध्यस्थ. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. लिहिले जाते ते बहुधा जित्सीविषयी, कारण पडद्यावर तेच दिसते. पण वसतिगृह, बँक, सरकारी कार्यालय अशा ठिकाणच्या बंदिस्त जाळ्यावरून बोलणे होणार की नाही, हे कोटर्न ठरवतो. त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर त्याच्याविषयीच असणार आहे.

जित्सीची ओळख थोडक्यात पुरेल. एमिल इव्होव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने २००३ साली स्ट्रासबुर्ग विद्यापीठात असताना ‘सिप कम्युनिकेटर’ नावाने हा प्रकल्प सुरू केला. पुढे त्याचे नाव जित्सी झाले, ज्याचा बल्गेरियन भाषेतला अर्थ ‘तारा’, म्हणजे विजेच्या किंवा टेलिफोनच्या तारा. २०१५ साली तो अ‍ॅटलासियन या कंपनीकडे गेला आणि २०१८ पासून ‘एट बाय एट’ या कंपनीकडे आहे. परवाना मात्र अपाची २.० हाच, त्यामुळे कोणीही आपल्या सर्व्हरवर ते बसवू शकतो. प्रकल्पाचा स्वतःचा सार्वजनिक सर्व्हरही आहे, पण ऑगस्ट २०२३ पासून तेथे बैठक सुरू करणाऱ्याला गूगल, गिटहब किंवा फेसबुकच्या खात्याने आत यावे लागते. आमच्या मंडळातल्या दोन ज्येष्ठांचे यांपैकी कुठेच खाते नाही आणि ते उघडण्याची त्यांची इच्छाही नाही. स्वतःचा सर्व्हर घेण्यामागे हे अगदी घरगुती कारण होते.

दोन कोअर आणि ४ जीबी मेमरीचा एक भाड्याचा सर्व्हर घेतला, त्यावर डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली चढवली आणि जित्सीच्या पॅकेजांनी तासाभरात बैठकीचे पान उघडले. डोमेनचे नाव विचारले, पत्त्याची ओळख पटवणारे प्रमाणपत्र स्वतःच आणले, आणि ब्राउझरमध्ये दुवा उघडताच माझा चेहरा मला दिसला. इतके सुरळीत काही झाले की मला संशय येतो, आणि तो पहिल्याच चाचणीत खरा ठरला. मी आणि नाशिकचे सभासद बोलत होतो तोवर सर्व काही उत्तम होते. बेळगावच्या मावशी तिसऱ्या म्हणून आल्या आणि त्याच क्षणी तिघेही एकमेकांना मुके झालो. नावे दिसत होती, हात वर केलेला दिसत होता, लेखी निरोप पोहोचत होते. आवाज आणि चित्र मात्र कोणाचेच कोणाकडे येत नव्हते.

हे लक्षण जित्सी चालवणाऱ्याने पाठच करून ठेवावे असे आहे. खोलीत दोघेच असतात तेव्हा जित्सी आवाज आणि चित्र थेट एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठवते. तिसरा आला की सगळी वाहतूक सर्व्हरवरच्या ‘व्हिडिओब्रिज’ या भागाकडे वळते, आणि तो यूडीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीच्या १०००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, ऐकत बसलेला असतो. माझ्या सर्व्हरवर ते पोर्ट उघडे होते, पण भाडेकरूने सर्व्हरबाहेरच्या नियंत्रण पानावरची दुसरी फायरवॉलही, म्हणजे ये-जा रोखणारा पहाराही, उघडायची असते, हे मी विसरलो होतो. दोष माझाच होता. पाच मिनिटांत तो निस्तरला आणि पुढच्या रविवारी अकरापैकी नऊ जण व्यवस्थित बोलू लागले. उरले दोन: वसतिगृहातली भाची आणि टोरांटोचे काका.

“मामा, तुम्ही सगळे दिसताय खोलीत, पण नुसती नावं. कोणाचा आवाज नाही,” असे भाचीने त्याच खोलीतल्या लेखी निरोपात कळवले. तिच्याकडे तिसऱ्या माणसाचा प्रश्नच नव्हता. कोणीच ऐकू येत नव्हते. वसतिगृहाच्या जाळ्यावर फक्त वेबची दारे उघडी होती, म्हणजे टीसीपी या दुसऱ्या पद्धतीची ८० आणि ४४३, आणि यूडीपी जवळपास पूर्ण बंद. खोलीत शिरणे, नावे, लेखी निरोप हे सर्व साध्या वेबच्या वाटेने, ४४३ वरूनच जाते, म्हणून ते पोहोचत होते. आवाज यूडीपीवरून जातो, म्हणून तो फाटकावरच अडत होता.

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण बंदिस्त जाळे म्हणजे कोणीतरी मुद्दाम संभाषणावर बंदी घातली आहे, असा समज सहज होतो. बहुतेक वेळा तसे नसते. आवाजासाठी यूडीपी वापरतात याचे कारण असे की त्यात हरवलेले पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, पुन्हा मागवले जात नाही. बोलण्यात एखादा अक्षराचा तुकडा गेला तर चालतो, पण उशिरा आलेला तुकडा निरुपयोगी असतो. जाळे सांभाळणाऱ्याला मात्र यूडीपीवर नेमके काय चालले आहे हे ओळखणे अवघड जाते, म्हणून ‘लागेल ते उघडू, बाकी बंद’ या धोरणात ते आपोआप बंद राहते. त्यात भर म्हणजे नॅट: वसतिगृहातल्या शेकडो यंत्रांना बाहेरचा एकच पत्ता असतो, आणि बाहेरून आलेले पाकीट आत कोणाला द्यायचे हे राउटर आपल्या वहीत पाहून ठरवतो. ‘तुझा बाहेरचा पत्ता हा’ एवढे सांगणारी स्टन नावाची सोय २००३ पासून प्रमाणित आहे. पण काही राउटर प्रत्येक नव्या मुक्कामासाठी नवा पोर्ट देतात आणि मग स्टनने सांगितलेला पत्ता दुसऱ्यासाठी कामाचा राहत नाही. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावर तर एकच बाहेरचा पत्ता असंख्य ग्राहकांत वाटला जातो, म्हणून हा घोळ खुद्द शहरातही भेटतो.

स्काइपने २००३ साली हीच अडचण सोडवून नाव कमावले होते. ज्यांची यंत्रे मोकळ्या जाळ्यावर आहेत, अशा वापरकर्त्यांच्याच संगणकांना ते मध्यस्थ बनवत असे आणि बंद जाळ्यावरची माणसे त्या मध्यस्थांमार्फत बोलत. सोय चोख होती, पण आपला संगणक कोणाकोणाची संभाषणे वाहतो आहे, हे त्या संगणकाच्या मालकाला ठाऊक नसे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने तीच कल्पना उघडपणे, लेखी प्रमाण करून मांडली आणि तिला टर्न असे नाव दिले: मध्ये एक रिले ठेवा, दोघांनीही आपापल्या बाजूने त्याच्याकडे जावे, आणि त्याने इकडचे तिकडे द्यावे. हे प्रमाण २०१० साली आले, २०२० साली सुधारले गेले, आणि कोटर्न ही त्याची सर्वाधिक वापरली जाणारी मुक्त अंमलबजावणी आहे. जित्सीच नव्हे, नेक्स्टक्लाउड टॉक आणि मेट्रिक्स या संवादाच्या मुक्त सोयींचे सर्व्हर चालवणारेही हाच वापरतात.

सी भाषेत लिहिलेला हा कार्यक्रम अतिशय हलका आहे. आमच्या सर्व्हरवर जावामध्ये लिहिलेला व्हिडिओब्रिज मेमरीचा मोठा घास घेतो, तर कोटर्न चालू आहे की नाही हे शोधून पाहावे लागते. त्याची मांडणी-फाइल मात्र पहिल्या भेटीत धडकी भरवते. पानेच्या पाने टिप्पण्या, शेकडो पर्याय, आणि त्यांतले आपल्याला लागणारे जेमतेम पंधरा. जित्सीचे डेबियन पॅकेज स्वतःची आटोपशीर फाइल देते, तीच वापरावी असा माझा सल्ला आहे. मूळ नमुना फाइल कुतूहल म्हणून फुरसतीत वाचावी.

त्या पॅकेजमध्ये कोटर्न टीएलएससाठी, म्हणजे कुलूपबंद जोडणीसाठी, ५३४९ या पोर्टवर बसतो, आणि खरी मेख येथेच आहे. ५३४९ हे प्रमाणानुसार बरोबर असले तरी वसतिगृहाच्या फायरवॉलला त्याचे काहीच कौतुक नाही. तिला ४४३ कळते. म्हणजे रिलेला ४४३ वर आणायला हवे, पण तेथे तर बैठकीचे वेब पान आधीच बसलेले आहे. दोन मार्ग आहेत. रिलेसाठी वेगळा आयपी पत्ता विकत घ्यावा, किंवा एकाच पत्त्यावर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला द्वारपाल म्हणून उभे करावे. टीएलएसच्या पहिल्याच निरोपात पाहुणा कोणत्या नावाकडे आला आहे हे उघड लिहिलेले असते. एन्जिनएक्सचा स्ट्रीम विभाग ते नाव वाचतो आणि पाकीट न उघडता ‘मीट’ने सुरू होणाऱ्या नावाचे वेबकडे व ‘टर्न’ने सुरू होणाऱ्याचे कोटर्नकडे ढकलतो. मी दुसरा मार्ग घेतला. तो लिहायला पंधरा ओळींचा आहे, पण एक अर्धविराम चुकला तरी वेब आणि रिले दोन्ही एकदम बंद पडतात, म्हणून रविवारच्या दुपारी त्याला हात लावू नये.

त्याआधी मी एक गोष्ट केली, जी तंत्राच्या आधी यायला हवी. भाचीमार्फत वसतिगृहाच्या संगणक विभागाला पत्र दिले, त्यात आमचे मंडळ काय करते हे लिहिले आणि यूडीपीचे १०००० क्रमांकाचे पोर्ट आमच्या पत्त्यापुरते उघडता येईल का, असे विचारले. उत्तर नम्र होते: एका विद्यार्थिनीसाठी फायरवॉलचा नियम बदलता येत नाही, मात्र ४४३ वरून जे रीतसर जाते त्याला आमची हरकत नाही. ही परवानगी मिळाल्यावरच मी पुढे गेलो. ज्याचे जाळे त्याला विचारणे हे सभ्यतेपुरते नाही. पुष्कळदा समोरचा माणूस नियम उघडूनही देतो आणि मग या लेखातल्या निम्म्या खटाटोपाची गरजच राहत नाही.

आता ते चालते आहे की नाही हे तपासण्याचा प्रश्न. दर वेळी वसतिगृहातल्या मुलीला अभ्यासातून उठवणे बरे दिसत नाही. फायरफॉक्सच्या ‘अबाउट कॉन्फिग’ या आतल्या पानावर ‘मीडिया पीअरकनेक्शन आइस रिले ओन्ली’ असा एक पर्याय आहे. तो चालू केला की ब्राउझर थेट वाट सोडून केवळ रिलेनेच बोलू पाहतो. घरच्या मोकळ्या जाळ्यावर बसून बंदिस्त जाळ्याचा भास निर्माण करण्याची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. त्याशिवाय वेबआरटीसी या ब्राउझरमधून बोलण्याच्या तंत्राच्या नमुन्यांतले ‘ट्रिकल आइस’ हे पान आहे, ज्यात सर्व्हरचा पत्ता व परवलीचा शब्द दिला की संभाव्य वाटांची यादी एकेक करून उमटते: ‘होस्ट’ म्हणजे आपल्या यंत्राचा स्वतःचा पत्ता, ‘एसआरफ्लेक्स’ म्हणजे स्टनने सांगितलेला बाहेरचा पत्ता, आणि ‘रिले’ म्हणजे कोटर्नने देऊ केलेला. तिसरा शब्द उमटला की रिले जिवंत आहे. माझ्याकडे तो पहिले दोन दिवस उमटलाच नाही.

कारण सापडले ते असे. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली ज्या फोल्डरमध्ये असते तो केवळ रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य वापरकर्ता, वाचू शकतो, आणि कोटर्न मात्र ‘टर्नसर्व्हर’ या साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. त्याला किल्ली वाचता येत नाही, आणि गंमत म्हणजे तो त्यामुळे बंद पडत नाही. नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि टीएलएसविना पुढे चालू राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की सर्व्हर तर सुरू आहे. उपाय सोपा आहे: प्रमाणपत्र नवे आले की त्याची प्रत कोटर्नला वाचता येईल अशा जागी ठेवून त्याला ती पुन्हा वाचायला सांगणारी चार ओळींची स्क्रिप्ट नूतनीकरणाला जोडून द्यावी. ही प्रमाणपत्रे सहसा ९० दिवसांचीच असतात, त्यामुळे ज्याने हे केले नाही त्याचा रिले तीन महिन्यांनी, कोणीही कशालाही हात लावलेला नसताना, एके दिवशी मौन धारण करतो.

दुसरी खोच प्रमाणपत्राचीच, पण अधिक छुपी होती. भाचीचा लॅपटॉप रिलेतून उत्तम बोलू लागला. तिच्या फोनवरचे अ‍ॅप मात्र गप्पच. फोनवरच्या अ‍ॅपांत वेबआरटीसीचा जो तयार कोडसंच (लायब्ररी) असतो तो टीएलएससाठी फोनची विश्वासार्ह संस्थांची यादी न वापरता स्वतःबरोबर आणलेली छोटी यादी वापरतो, आणि तीत लेट्स एन्क्रिप्टचे मूळ प्रमाणपत्र नसल्याची अडचण पुष्कळांना आलेली आहे. मेट्रिक्सच्या सिनॅप्स सर्व्हरच्या मार्गदर्शिकेत याविषयी सूचना वाचायला मिळाली आणि तेथेच रिलेपुरते झीरोएसएसएल या दुसऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र वापरण्याचा पर्यायही होता. तो केला आणि फोन बोलू लागला. जित्सीच्या पुस्तिकेत हे ठळकपणे हवे होते, अशी माझी तक्रार आहे. एकंदरीतच या दोन प्रकल्पांची सर्वांत दुबळी बाजू म्हणजे लिखाण: माहिती सगळी आहे, पण ती चार ठिकाणी विखुरलेली आहे, आणि त्यांतली दोन ठिकाणे जुन्या आवृत्तीविषयी बोलत असतात.

परवलीच्या शब्दाची व्यवस्था मात्र मला फार आवडली. रिले उघडा ठेवला तर जगातले कोणीही आमच्या पैशाने स्वतःची वाहतूक त्यातून नेईल, म्हणून कुलूप हवेच. पण अकरा जणांना अकरा परवलीचे शब्द वाटत बसणेही नको. कोटर्न आणि जित्सीचा निरोप्या असलेला प्रॉसडी हा सर्व्हर यांच्यात एकच गुपित ठरलेले असते. सभासद खोलीत आला की प्रॉसडी त्याला ठरावीक मुदतीचे नाव आणि त्या गुपितापासून गणिताने काढलेला शब्द देतो. कोटर्न तेच गणित करून पडताळतो. मुदत संपली की शब्द निकामी. दोन्ही वेगळ्या यंत्रांवर असतील तर त्यांची घड्याळे मात्र जुळलेली हवीत.

सुरक्षेचा आणखी एक मुद्दा आळसाने सोडून देण्यासारखा नाही. रिलेला ‘हे पाकीट अमुक पत्त्यावर दे’ असे सांगता येते. तो पत्ता सर्व्हरच्या आतल्या खासगी जाळ्यातला असला, तर बाहेरचा माणूस रिलेच्या खांद्यावरून आत डोकावू शकतो. म्हणून खासगी पत्त्यांच्या सर्व पट्ट्या नाकारण्याची यादी मांडणी-फाइलमध्ये असावी लागते. जित्सीच्या पॅकेजात ती भरलेली येते, हाताने कोटर्न बसवणाऱ्याला ती स्वतः भरावी लागते. ४.५.२ च्या आधीच्या आवृत्त्यांत तर शून्यांचा पत्ता देऊन सर्व्हरच्या स्वतःच्याच आतल्या दारापर्यंत पोहोचता येत असे. तेव्हा कुठल्या जुन्या यंत्रावर धूळ खात पडलेला कोटर्न असेल तर तो आधी अद्ययावत करावा.

रिले मध्ये आला म्हणजे तो आमचे बोलणे ऐकतो का, असे बेळगावच्या मावशींनी विचारले होते. रिले ऐकू शकत नाही, कारण त्याच्याकडून जाणारी पाकिटे आधीच कुलूपबंद असतात. व्हिडिओब्रिज मात्र ती उघडून पुन्हा बंद करू शकतो, म्हणजे ज्याच्या हाती सर्व्हर त्याच्या हाती ती शक्यता असते. आमच्या बाबतीत तो माणूस मी आहे, आणि मावशींचे म्हणणे असे पडले की मग चालेल.

आता मुख्य गोष्ट, आवाज. जित्सी ओपस हे २०१२ साली प्रमाणित झालेले कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याचे तंत्र, वापरते, जे सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कोठेही चालते आणि थोडी पाकिटे हरवली तरी बोलणे सावरून घेते. टीसीपीवरून नेताना त्याचे हे कसब वाया जाते. टीसीपी हरवलेले पाकीट पुन्हा मागवल्याशिवाय पुढचे देतच नाही, त्यामुळे एक अडले की मागची सगळी रांग अडते. वसतिगृहात रात्रीच्या गर्दीच्या वेळी हे स्पष्ट जाणवते: वाचणाऱ्याचा आवाज अर्धा सेकंद थांबतो आणि मग साचलेले शब्द किंचित भरभर येऊन जातात, जणू वाचणाऱ्याला घाई झाली आहे, आणि पुन्हा चाल पूर्ववत होते. अर्थ हरवत नाही, लय मात्र मोडते. कविता वाचताना ते खटकते, लेख वाचताना नाही. दुपारच्या निवांत वेळी मात्र भाची रिलेवर आहे हे मुद्दाम आकडेवारी उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चित्राचा आग्रह सोडला तर हे सारे आणखी सुधारते. आवाजाला सेकंदाला ४० किलोबिट धरले तर एका दिशेने तासाला सुमारे १८ एमबी होतात. दीड मेगाबिटच्या चित्राला त्याच तासात पावणेसातशे एमबी लागतात, आणि रिलेवरून जाणारा प्रत्येक बाइट सर्व्हरमध्ये एकदा येतो व एकदा बाहेर पडतो. मी जित्सीच्या मांडणीत बैठक केवळ आवाजाने सुरू होईल असे ठरवून टाकले. ज्याला चेहरा दाखवायचा आहे तो दाखवतो. पहिल्या पाच मिनिटांत सगळे दाखवतात, मग पुस्तक उघडले की बंद करतात.

सर्व्हर कुठे आहे यानेही मोठा फरक पडतो, आणि येथे मी आधी कंजूषपणा करून फसलो. स्वस्त म्हणून जर्मनीतला सर्व्हर घेतला होता. साताऱ्याहून पुण्याला जायचा शब्द युरोपला वळसा घालून येत असे, आणि दोघे एकाच वेळी बोलायला लागून दोघेही एकदम थांबण्याचा तो ओशाळा प्रकार दर मिनिटाला होई. एका दिशेचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा असा दूरसंचाराचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे; रिले, टीसीपी आणि दूरचा सर्व्हर असे तिन्ही एकत्र आले की तो सहज ओलांडला जातो. महिनाभराने मुंबईतल्या सर्व्हरवर सगळे हलवले. भाडे महिन्याला ९९० रुपये पडते, म्हणजे डोई ९०, आणि ते वसूल करणे हे आता खजिनदारांचे काम आहे.

पर्याय म्हणून दोन गोष्टी करून पाहिल्या. सिप या इंटरनेट-फोनच्या पद्धतीवर चालणारे मुक्त फोन, उदाहरणार्थ लिनफोन, मोकळ्या जाळ्यावर उत्तम आहेत. पण सिपचे नेहमीचे ५०६० हे पोर्ट बंदिस्त जाळ्यावर बंद असते, आणि घरगुती राउटरांत ‘सिप एएलजी’ नावाची जी मदतनीस सोय असते ती निरोपातले पत्ते परस्पर बदलून मदतीपेक्षा घोळच अधिक करते. ती सोय बंद करणे हा पहिला उपचार. दुसरे म्हणजे मंबल. फक्त आवाज, चित्र नाही, दिसायला जुनाट, आणि ओळखीसाठी परवलीच्या शब्दाऐवजी प्रमाणपत्राची फाइल, जी ज्येष्ठांना समजावताना माझी दमछाक झाली. पण यूडीपी मिळाले नाही तर मंबल न विचारता, न कुरकुरता आवाज टीसीपीवरून नेऊ लागते, आणि सर्व्हरचे ६४७३८ हे मूळ पोर्ट बदलून ४४३ करणे एका ओळीचे काम आहे. ज्यांना फक्त बोलायचे आहे आणि सगळे सभासद संगणकाशी सरावलेले आहेत, त्यांनी जित्सी-कोटर्नच्या वाटेला न जाता सरळ मंबल घ्यावे. आमच्या मंडळाला दुव्यावर टिचकी मारून उघडणारी खोली हवी होती, म्हणून ते मागे पडले.

आखातातल्या वाचकांसाठी एक वाक्य वेगळे लिहितो. संयुक्त अरब अमिरातीसारख्या ठिकाणी इंटरनेटवरून बोलण्याची सेवा परवानाधारकांनीच द्यायची असा कायदा आहे. तेथील अडसर हा फायरवॉलच्या निष्काळजी मांडणीचा नाही, आणि या लेखातली कृती तेथे करून पाहण्याआधी कायदा वाचावा.

आणि जेथे हे सर्व करूनही चालत नाही, ती जागा म्हणजे आमच्या काकांची नोकरी. ते टोरांटोत शनिवार-रविवार एका कार्यालयीन इमारतीचा स्वागतकक्ष सांभाळतात. रविवारी आमची संध्याकाळ ती त्यांची सकाळ, इमारत रिकामी, वाचायला आदर्श वेळ. पण तेथील जाळे ४४३ वरची कुलूपबंद पाकिटेही स्वतःच्या प्रमाणपत्राने उघडून आत वेब पानच आहे ना, हे पाहते. कोटर्नच्या पाकिटात वेब पान नसते, तेव्हा ते तत्काळ कापले जाते. यावर आणखी वेष पालटून आत शिरण्याच्या युक्त्या आहेत. मी त्या केल्या नाहीत, कारण ज्या मालकाने इतके स्पष्ट सांगितले आहे त्याच्या दाराशी काकांची नोकरी पणाला लावून झटापट करण्यात अर्थ नाही. काका आता स्वतःच्या फोनचा डेटा वापरतात. स्वागतकक्षाच्या आत त्याला रेंज नाही, म्हणून ते खुर्ची उचलून बाहेरच्या काचेच्या दाराजवळ नेतात, आणि कोणी आत आले की दार सरकल्याचा आवाज आम्हा दहा जणांना साताऱ्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतो.